कारंज्याला आलेला फेस

इमारतींच्या मधल्या बागेत सकाळी आठलाच मुंगी शिरायला जागा नव्हती. लिफ्टमध्ये एकमेकांकडे कधी न बघणारी माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून कारंज्याकडे डोकावत होती. त्या सिमेंटच्या कारंज्यावर पांढरे थर चढलेले होते, आणि शेजारच्या बाकावर बाधा उतरवणारे एक महाराज बसले होते.

महाराजांचं म्हणणं असं, की हा साधा मळ नव्हे, घराघरातली बाधा पाण्यावाटे इथे येऊन साचते. त्यांनी बाटलीतलं 'सिद्धजल' आधी मातीवर ओतलं. काही नाही. एका काकांच्या तळहातावर ओतलं. काही नाही. मग कारंज्यावर धार धरली आणि पांढऱ्या थरातून फस्स करत फेस वर आला.

"बाधा बोलली," महाराज डोळे मिटून म्हणाले. गर्दीने आ वासला.

मागच्या रांगेत एक आई तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिचं लक्ष फेसाकडे कमी आणि लेकीच्या श्वासाकडे जास्त होतं. पोरीला दमा. रोज सकाळ-संध्याकाळ औषधाचा पंप ओढावा लागे, आणि काल संध्याकाळपासून तो फडताळातून गायब होता. तो सासूबाईंच्या पर्समध्ये होता. पंप बंद केल्याशिवाय बाधा निघणार नाही, असं महाराजांनी सांगितलं होतं. तिने रात्री दोनदा मागितला, तर सासूबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या होत्या, नऊच दिवस, अगं, मी काय तिची वैरीण आहे?

वैरीण नव्हत्याच. म्हणून तर भांडता येत नव्हतं. पण आता पोरीच्या छातीत बारीक शिटी वाजायला लागली होती.

वाऱ्याबरोबर सिद्धजलाचा वास आला. वरवर अत्तर, आणि अत्तराखाली आंबट, नाकाला झोंबणारं काहीतरी. तिला किटली आठवली. गेल्याच रविवारी किटलीच्या तळाचे पांढरे थर काढायला तिने व्हिनेगर ओतलं होतं, तेव्हा अस्साच फेस आला होता. किटलीला कुणाची बाधा?

ती घरी जाऊन व्हिनेगरची बाटली घेऊन आली. चार लोकांत बोलायला तिला लाज वाटे, म्हणून ती सरळ पुढे गेली आणि कारंज्यावर ओतलं. फस्स.

"मी समोर आहे म्हणून," महाराज गालात हसले.

तिने उरलेलं त्यांच्या मांडीशेजारी, सिमेंटच्या बाकावर ओतलं. थोडा कमी, पण तिथेही फेस आला.

"बसणाऱ्याची बाधा बाकाला लागते, बेटी."

"महाराज," वॉचमन नम्रपणे म्हणाला, "आठवडाभर तिथे तुम्हीच बसताय."

आधी एकजण हसला, मग सगळी बाग.

आता तिला आवाज सापडला. तिने सांगितलं, की आपल्या बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार फार. पाणी सुकतं, क्षार दगडासारखे चिकटून राहतात. त्यांच्यावर आम्ल पडलं की वायू सुटतो, त्याचाच हा फेस. सिमेंटही चुनखडीचंच, म्हणून बाकालाही येतो. तळहातावर चुना नाही, तिथे येत नाही. मग ती पुढच्या रांगेत उभ्या असलेल्या सासूबाईंकडे वळली.

"आई, हिच्या छातीत बाधा नाही, दमा आहे. ऐका तिचा श्वास."

सासूबाईंनी नातीच्या पाठीला कान लावला. शिटी ऐकली. पर्स उघडून त्यांनी पंप काढून दिला. पंप ओढून झाल्यावर पोरगी हळूहळू मोकळी झाली. तोवर महाराजांचा बाक रिकामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी माळ्याने मोटर बंद करून कारंजं उपसलं, व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून थरांवर लावलं आणि प्लास्टिकच्या ब्रशने घासून स्वच्छ धुतलं. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. ये-जा करणाऱ्याला थांबवून सांगत होत्या, "कुणी चमत्कार दाखवला तर वास घ्या, स्वतः करून बघा, विचारायला लाजू नका. आणि लेकराचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. मी केलं होतं."