शंभूची मांडी

आमचा शंभुराज कधी मांडी घालून जेवला नाही. एक गुडघा कायम वर, घास तोंडात अन् नजर दाराकडे. "लेका, ताट काय पळून जायलंय का?" असं मी, त्याची काकू, रोज विचारायची. तो म्हणायचा, "ताट न्हाई काकू, मी जायलोय."

अन् जायचाच. पहाटे चारठाण्याहून जिंतूरच्या रस्त्यानं पळत सुटायचा. पहिल्या एसटीचा ड्रायव्हर त्याला बघून हॉर्न द्यायचा. घामाघूम होऊन आला की माझी जाऊ भागम्मा, त्याची आई, त्याच्या पोटऱ्यांना करडीचं तेल चोळायची. असा पळत पळतच तो फौजेत गेला. तिकडं सीमेवर लढाई पेटली, तशी नव्या पोरांची तयारी जोरात सुरू झाली. पाठीवर ओझं घेऊन उन्हात पळताना शंभू पडला. पडला तो उठलाच नाही. वीस वर्षंसुद्धा पुरती झाली नव्हती.

पेटी यायच्या आधीच गावानं सगळं करून ठेवलं होतं. शाळेच्या मैदानात मांडव, भोंगे, अन् मधोमध रचलेली चिता. टीव्हीवर सगळ्यांनी जवानाची चिताच बघितलेली. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहून गाव हे नेमकं त्या दिवशी विसरलं.

भागम्मा चितेपुढं उभी राहिली. "लाकडं चांगली हायेत. घरी न्या, चुलीला होतील. माझा लेक आमच्या शेतात बसंल."

सरपंच व्यंकटराव खालच्या आवाजात म्हणाले, "वैनी, अर्धा जिल्हा लोटलाय. शहिदाचा मान..."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "लढाईत कुठं गेला? सरावात गेला."

भागम्मा वळली. "सराव कशाचा होता रं? वरातीत नाचायचा?"



पेटीबरोबर आलेले सुभेदार म्हणाले, "आई, तुम्ही म्हणाल तसं. सलामी शेतातही देऊ. पण देह टिकवायला औषधं भरलीत, अंग कडक झालंय. बसवता येणार नाही."

विधी करायला आलेले आमचे स्वामीही म्हणाले, "भागम्मा, निजवून दिलं तरी शिवाला चालतं."

"शिवाला चालंल. मला न्हाई. जल्मभर बसला न्हाई ह्यो."

शेतात आम्ही बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. आत ती अन् तिचा नवरा, मन्मथअप्पा. तेलाची वाटी तीच. गुडघे, घोटे, कंबर. चोळायचं, थांबायचं, वाकवून बघायचं. अप्पांनी खांदे धरलेले. "दमानं... हं... सोड की लेका अंग," असं ती लहानपणी न्हाऊ घालताना बोलायची तसंच बोलत होती. ऊन कलायला लागलं. डावा पाय वाकला. उजवा अर्ध्यात अडला तो अडलाच. गुडघा वर.

जेवायला बसल्यासारखा.

मी तोंडात पदर कोंबला. खड्डा मांडीच्या मापाचा खणलेला, त्यात तो पाय मावणार नव्हता. सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"काय बघायलात? खड्डा वाढवा."

व्यंकटरावांनी बाह्या वर सारल्या अन् कुदळ घेतली.

शंभू बसला. तळहातावर त्याचं इष्टलिंग दिलं, भोवती भस्म अन् बेल भरला. बंदुका झडल्या, तसे नांगरलेल्या रानातले पारवे उडाले. माती लोटायच्या आधी भागम्मा खाली वाकली.

"एक गुडघा वर तर वर," ती म्हणाली. "पण बस आता."