इंदूबाईच्या हातातला मोबाईल

मित्रांनो, तडकलेल्या काचेचा आणि फुगलेल्या बॅटरीचा मी एक जुना मोबाईल. नागपुरातल्या एका कॉलेजात मला जपून ठेवले आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते.

मनीषनगरच्या सुशील सरांनी मला घेतले. याच कॉलेजात शिकवणारे सर नदीतल्या माशांचा अभ्यास करत. पेंचच्या जंगलालगत फोन लागत नाही अशा एका गावात त्यांनी मला इंदूबाईच्या हाती दिले. नेटवर्क नसले तरी मला जागा कळते, हे त्यांनी तिला समजावले. मासा फुटपट्टीशेजारी ठेवायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा.

इंदूबाई मासेमारी करणाऱ्या ढिवराघरची, चौथी शिकलेली. तीन वर्षे तिने मला दुधाच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात बांधले. सौर कंदिलाच्या पॅनेलवर मला चार्ज केले. डोहात छातीभर पाण्यात उतरताना ती मला डोक्यावर धरी. एका सकाळी तिच्या जाळ्यात पिवळ्या पट्ट्याचा बोटभर मासा आला. बावीस वर्षांत त्याची कुणी नोंद केली नव्हती. तो फुटपट्टीवरून सारखा उसळत होता, फोटो चारदा काढावा लागला.

सरांचा लेख छापून आला. कॉलेजात कार्यक्रम झाला, मला टेबलावर मांडले. एवढ्याशा मोबाईलने केवढे संशोधन केले, असे पाहुणे म्हणाले. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

इंदूबाई एसटीने आली होती. लेखाचे मराठी पत्रक घेऊन ती एकेक ओळ बोटाने वाचत गेली. माझी कंपनी, माझा कॅमेरा, सारे त्यात होते. तिच्या जागी होते, ‘एका स्थानिक मदतनिसाच्या साहाय्याने’.

“माह्यं नाव काहून नाही यात, सर?” तिने विचारले.

सर ओशाळले. राहून गेले, पुढच्या लेखात नक्की टाकतो, म्हणाले.

“मोबाईलचं बरं आठवलं तुमाले,” ती शांतपणे म्हणाली. “त्याले पोहता येते का?”

ती न जेवताच निघाली. सर तिच्या मागे गेले नाहीत, पाहुणे खोळंबले होते.

पुढच्या हंगामात सर चार नवे मोबाईल घेऊन गावात गेले. इंदूबाईने चहा दिला, मोबाईल घेतला नाही. गावातल्या इतर बायांनीही हात पुढे केला नाही. मग कॉलेजची मुले डोहाशी गेली आणि दोन महिन्यांनी गढूळ पाण्याचे फोटो घेऊन आली. तो मासा आहे की संपला, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी मोडलो तर दुसरा मिळतो. ज्यांच्या हातांनी तुमचे काम होते त्यांची नावे वेळेवर लिहा, एवढेच मागतो.

सरांनी पुढच्या लेखात तिचे नाव छापले. प्रत टपालाने गावी पाठवली. पंधरा दिवसांनी ते पाकीट न फोडताच परत आले. त्यावर पोस्टमनने लिहिले होते, ‘घेण्यास नकार’.