पाठमोऱ्या माणसाची छत्री

मी एक जुनी छत्री आहे, आणि माझ्या जन्माची गोष्ट सांगण्याआधी मला माझ्या मालकांच्या, म्हणजे काकांच्या लेकीबद्दल चार शब्द बोलायचे आहेत. मित्रांनो, ज्या पोरीला मी रांगताना पाहिलं, जिच्या दुधाच्या दातांच्या खुणा अजून माझ्या लाकडी मुठीवर आहेत, तिनं मला सहलीच्या बसमध्ये शेवटच्या सीटमागे कोंबून ठेवलं! कशासाठी? तर वरच्या फळीवर आत सरकलेल्या पिशव्या ओढून काढायला. कुणाची टोपी फळीवर मागे गेली की ड्रायव्हर ओरडणार, "अरे, ती आकडी द्या इकडे!" आकडी! मला!

मित्रांनो म्हणते खरी, पण वयानं तुम्ही माझी नातवंडं. तेव्हा ऐका. पावसात भिजायचं काम करणाऱ्या छत्र्या वेगळ्या. त्यांचा मी अपमान करत नाही, बिचाऱ्यांचं पोट त्यावर आहे. पण मी डोंगर दाखवणारी छत्री आहे.

एका अरुंद गल्लीत, चपला शिवणाऱ्याच्या शेजारच्या दुकानात माझा जन्म झाला. नवरा काड्या बसवायचा, बायको कापड शिवायची. तंबूच्या ताग्यातलं भडक नारिंगी कापड उरलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून त्यानं मला वेताच्या दांड्याची, चांगली ऐसपैस बनवली. बायकोनं शेवटचा टाका घातला, दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "एवढी मोठी छत्री घेणार कोण? हत्ती?" हत्ती नाही आला. आला एक बुटका, किडकिडीत तरुण. तो डोंगरातल्या सहलींवर नुकताच वाटाड्या म्हणून लागला होता आणि पहिल्याच सहलीत बोटीच्या धक्क्यावर त्याचे प्रवासी हरवले होते. म्हणजे प्रवासी जागेवरच होते, हाच त्यांच्या गर्दीत दिसेनासा झाला. "सगळ्यांना लांबून दिसेल असं काहीतरी द्या," तो म्हणाला. दुकानदारानं मला उचलून त्याच्या हातात दिलं. त्यानं मला डोक्यावर उंच धरलं, आणि तेव्हापासून मी त्या माणसाच्या उंचीत जमा झाले.

पुढे सगळे त्याला काका म्हणू लागले, म्हणून मीही काका म्हणते.

पहिल्या सहलीत त्यांनी मला ड्रायव्हरच्या शेजारच्या खुंटीला टांगलं. मूठ वर, टोक खाली. छत्रीचं डोकं टोकाकडे असतं, त्यामुळे मला सगळं जग उलटं दिसायचं. माणसं उलटी, झाडं उलटी, डोंगर छताला लोंबणारे. मला गरगरायला लागलं. तेवढ्यात वळण घेऊन बस पहिल्या तळ्याकाठी आली. वाऱ्याचा पत्ता नव्हता. त्या पाण्यात एक आख्खा बर्फाचा डोंगर पडला होता, त्याच्या अंगावरचा एकेक पाइन, एकेक घळ स्पष्ट, आणि मला, उलट्या टांगलेलीला, तो डोंगर सुलटा दिसला! माझ्यासाठीच कुणीतरी तो पाण्यात नीट मांडून ठेवला होता. त्या दिवशी मी ठरवलं, हे काम सोडायचं नाही. शाळेत मी कधी गेले नाही, अक्षर मला कळत नाही, पण तळं मला वाचता येतं.

आमच्या सहलीत तळी होती, दऱ्या होत्या, दुधासारखे फेसाळणारे ओढे होते. पण सगळ्यांत मोठं ठिकाण म्हणजे खिंड. बस खाली उभी राहायची, पायवाटेनं चढायचं, आणि शेवटच्या वळणाला एक उभा काळा कातळ. कातळाच्या पलीकडे दोन पावलं टाकली की खालची सगळी दरी एकदम उघडी पडायची.

सुरुवातीला लोक वाटेल तसे चढत. एकदा एक धिप्पाड गृहस्थ पुढे पळाले आणि वरून ओरडू लागले, "अहो, खाली तळं आहे! धबधबा आहे! त्या बाजूला आणखी एक तळं आहे!" मागच्यांच्या वाट्याला काय उरलं? एक म्हातारी सगळ्यांत शेवटी धापा टाकत पोचली, तेव्हा बाकीच्यांनी डबे उघडले होते. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "संपलं का?"

काकांना ते फार लागलं. दुसऱ्या सहलीपासून त्यांनी नियम केला. जो सगळ्यांत हळू चालतो, तो छत्रीच्या मागे पहिला. त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. कातळ ओलांडला की सगळ्यांनी दरीकडे पाठ आणि कातळाकडे तोंड करून एका ओळीत उभं राहायचं, शेवटचा माणूस येईपर्यंत. मागे बघायचं नाही. मी उघडले, 'फट्ट' आवाज झाला, की सगळ्यांनी एकदम वळायचं. आणि मी मिटेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

मित्रांनो, काय सांगू! मी डोक्यावरून बघायची. पायाखाली एवढी मोठी पोकळी, की ढग आमच्या खालून चालायचे. समोर बर्फाच्या शिखरांची रांग, इतकी उंच की ते डोंगर आहेत हेच आधी पटायचं नाही, आभाळाचाच तुकडा गोठलाय असं वाटायचं. दरीच्या तळाशी एकाखाली एक तीन तळी, वरच्याचं पाणी मधल्यात, मधल्याचं खालच्यात. वरचं हिरवं, मधलं निळं, आणि खालचं त्या त्या दिवशी त्याच्या मनाला येईल त्या रंगाचं. धबधबा समोर पडताना दिसायचा आणि आवाज मात्र नंतर, सावकाश यायचा. सकाळपासून खिडकीच्या जागेवरून भांडणारे नवरा-बायको एकमेकांची बाही धरून उभे राहायचे. बसमध्ये क्षणभर तोंड न मिटणारा व्यापारी तोंड उघडं ठेवूनच गप्प व्हायचा.

आणि काका? काका पाठमोरे असायचे. दरीकडे पाठ आणि लोकांकडे तोंड. नजर लोकांच्या पायांवर आणि डोळ्यांवर. कुणी कठड्याकडे झेपावतंय का, कुणाला भोवळ येतेय का. येता-जाता खांद्यावरून तुकडे पाहिले असतील, इथे थोडं पाणी, तिथे थोडा बर्फ. पण समोर तोंड करून, हात मोकळे ठेवून, त्यांनी ती दरी कधी पाहिलीच नाही. ढग सरल्याचं त्यांना कातळावरून कळायचं. तळ्यांवरचं ऊन उसळून वर आलं की ओला कातळ खालून पिवळा व्हायला लागायचा. तो उजेड लोकांच्या डोक्यावर चढला, की काका माझा खटका दाबायचे. तेवढंच त्यांचं दर्शन. कातळाचं.

वर्षं गेली. काकांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि सहल लेकीच्या हाती आली. पोरगी हुशार आहे, खोटं कशाला बोलू? चार भाषा बोलते, बोटीची वेळ कधी चुकवत नाही. पण तिनं प्रत्येकाच्या कानात एकेक यंत्र खुपसलं. आता म्हणे छत्रीची गरज नाही. ती कुठूनही बोलते, लोक कुठेही ऐकतात, ज्यानं त्यानं आपापल्या चालीनं चढायचं. "वेळ वाचतो," म्हणते. वाचवून ठेवतेस कुठे गं तो वेळ? फळीवर? मग काढायला मी आहेच.

गेल्या हंगामात काका तिला म्हणाले, "या खेपेला मीही येतो. प्रवासी म्हणून."

"बाबा, जन्मभर तेच तर पाहिलंत! समुद्रावर जा की जरा. सपाट असतं."

"एकदाच. डॉक्टर म्हणतात, चढणं आता बंद करा. बंद करण्याआधी एकदा."

बस खिंडीखाली थांबली तेव्हा ते मागे आले, मला बाहेर ओढलं, बाहीनं पुसलं आणि टोक जमिनीत रोवून चालू लागले. काठी! पण काकांचा हात होता, म्हणून मी गप्प बसले.

त्यांच्यासोबत मागे राहिल्या होत्या एक मावशी. अंगानं स्थूल, जिभेला धार. मला त्या तिथेच आवडल्या. मला बघून म्हणाल्या, "अगंबाई, ही तीच ना? लग्नानंतर आम्ही दोघं आलो होतो. माझ्या पायात नव्या चपला, म्हणून तुम्ही मला सगळ्यांत पुढे घेतलं होतं. सासरी कुणी कधी पुढे घेतलं नाही हो इतकं!"

"आणि तुमचे यजमान?"

"ते काय, कॅमेरा घेऊन पळाले पुढे. तेव्हा माझ्या मागे चालले होते, त्याचं उट्टं काढतायत."

तेवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला. "बाप रे! अरे, ते बघ! ते बघ!" काका थबकले. मग घाईनं पावलं टाकू लागले. त्यांच्या हाताला घाम सुटला होता, मला मुठीला कळत होता. गुडघा मुडपत होता, तरी थांबेनात. आणि आम्ही कातळ ओलांडला तेव्हा खालून ढग वर आला आणि दरीनं तोंडावर चादर ओढून घेतली. पांढरं. नुसतं पांढरं.

लेकीनं घड्याळ बघितलं. "बाबा, निघायला हवं हं आता. खाली बोट आहे."

"हो, हो. निघू." काका दगडावर बसले. माझ्या मुठीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "मी काय, पाहिलंयच."

"काय पाहिलंय?" मावशी उसळल्या. "अहो, मी सगळ्यांत पुढे होते तेव्हा! वळले तर तुम्ही समोर, आमच्याकडे टकामका बघत. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, ह्या माणसाची मान वळत नाही की काय?" मग लेकीकडे वळून, "पोरी, तुझ्या बापानं ही दरी जन्मात पाहिलेली नाही. आम्हाला दाखवली, स्वतः पाठ करून उभा राहिला."

लेक बघतच राहिली. "बाबा? खरं?"

"अगं, लोक सांभाळायचे की देखावे बघत बसायचं?" काका हसले. पण हसताना डोळे त्या पांढऱ्याकडेच होते.

पोरगी दोन पावलं बाजूला गेली. तिनं खालच्या ड्रायव्हरला फोन केला, "ही बोट जाऊ दे. पुढची घेऊ." मग यंत्रात बोलली, "सगळ्यांनी मागे या. कातळापाशी. हो, ज्यांनी पाहिलंय त्यांनीसुद्धा."

कुरकुर झाली. मावशींचे यजमान म्हणाले, "आम्ही फोटोसुद्धा काढले आता."

"फोटो घरी बघा. इकडे भिंतीकडे तोंड करा!" मावशींनी त्यांना खांद्याला धरून वळवलं.

तिनं काकांना ओळीच्या मधोमध उभं केलं, कातळाला नाक लागेल इतकं जवळ. माझ्याकडे हात केला. काकांनी मला तिच्या हातात दिलं. सुटायला जरा वेळच लागला. मग ती कठड्याशी गेली, दरीकडे पाठ करून उभी राहिली आणि मला वर धरलं.

आम्ही थांबलो. केसांवर दव जमलं. कुणी शिंकलं. कातळ काळाच. मग त्याच्या पायथ्याशी थोडी चमक आली आणि लेकीचा अंगठा खटक्यावर गेला.

"थांब," काका म्हणाले.

"बाबा, भिंतीकडे बघा!"

"भिंतीकडेच बघतोय, म्हणून सांगतोय."

चमक विझली. पोरीनं अंगठा काढला. आता ती घड्याळ बघत नव्हती, कातळ बघत होती, एकटक. कातळाच्या तळाशी पुन्हा पिवळं आलं. चढलं. लोकांच्या कमरेपर्यंत, पाठींपर्यंत. काकांनाही ते दिसत होतं, पण या खेपेला ते बोलले नाहीत. तो उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवरून वर सरकला आणि तिनं खटका दाबला.

मी उघडेना! इतकी वर्षं मिटून ठेवलेली मी, गंज धरला होता. लेकीनं दात आवळून धक्का दिला. माझी एक काडी कापडातून निसटली, आणि मग, फट्ट!

सगळे वळले. मित्रांनो, ढग फाटून दोन्हीकडे पडला होता आणि ओली दरी खालपासून वरपर्यंत झगझगत होती. शिखरं आत्ताच कुणी आणून ठेवल्यासारखी. तिन्ही तळ्यांवर ऊन होतं, आणि खालचं तळं त्या दिवशी सोन्याचं झालं होतं, तसं मीही आधी कधी पाहिलं नव्हतं. मग धबधब्याचा आवाज आला, सावकाश, नेहमीसारखा उशिरा.

काकांचा उजवा हात मला धरल्यासारखा वळलेलाच होता. तो हळूहळू उघडला. दोन्ही हात मोकळे होऊन बाजूला लोंबले. मी अजून उघडी होते, म्हणजे बोलायचं नव्हतं. पण नियम ज्यांनी केला त्यांनीच मोडला. अगदी हळू आवाजात म्हणाले, "एवढं मोठं आहे होय?"

लेक मागे वळली नाही. ती त्यांच्याकडे बघत होती. डोळे भरून आले होते, पण नजर मध्येच लोकांच्या पायांवर जात होती, कठड्याकडे कुणी जातंय का बघायला. अगदी बापासारखी.

मित्रांनो, आता माझी काडी शिवून झाली आहे आणि मी पुन्हा ड्रायव्हरशेजारच्या खुंटीवर आहे. कापड विटलंय, पण डोंगर मला अजून ओळखतात. तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं काही असेल तर ते कोपऱ्यात कोंबू नका. मिटून ठेवलं की गंज चढतो. आणि तुम्हाला कुणी आयुष्यभर काहीतरी सुंदर दाखवत आलं असेल, तर एक दिवस त्यानं जे हातात धरलंय ते तुम्ही घ्या, आणि त्या माणसाला तुमच्या जागी उभं करा.

त्या दिवशी परतताना बस तळ्याकाठून चालली होती. काका पुढच्या सीटवर झोपले होते, तोंड खिडकीकडे. पोरगी माझ्याशेजारी उभी होती. तिला ऐकू गेलं की नाही ते तिचं तिला ठाऊक, पण मी चांगली मोठ्यानं बोलले:

"पोरी, हात अजून वीतभर वर हवा होता, आणि मला आकडी केलंस ते मी विसरलेली नाही. पण कातळ बरोबर वाचलास. आजपासून ही मूठ तुझी. दात तर तू आधीच उमटवून ठेवलेयस."