कान्ह्याच्या खाणीतला फॅलरोप

आमच्या ह्यांना सगळं तळेगाव ‘सर’ म्हणतं. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, निवृत्त झाले तरी शिकवणं काही सुटलं नाही. फरक इतकाच, की आता विषय पक्ष्यांचा, वर्ग झाडाखाली भरतो आणि विद्यार्थी उजाडताना आपल्या पायांनी येतात. मी पद्मजा, त्यांची बायको. मला पक्ष्यांतलं कळत नाही. कावळा, साळुंकी, बगळा इथवर ठीक आहे. त्यापुढचे सगळे मला सारखेच मळकट दिसतात. तरी मी जाते, कारण चहा-पोह्यांचं खातं माझ्याकडे आहे, आणि घरात बसून नवऱ्याची वाट बघण्यापेक्षा तळ्याकाठी बसून बघितलेली बरी.

सरांचा एक नियम आहे. आपल्यामुळे पक्षी उडाला, तर आपण चुकलो. आमच्या पक्षी बघणाऱ्या गटाच्या टोप्यांवर तो छापलेला आहे. शाळेतल्या मुलांकडून ते तो घोकून घेतात. कुणी नवखा फोटोसाठी फार पुढे सरकला, की हे त्याच्याकडे असे बघतात की तो बिचारा पुढच्या रविवारी उगवतच नाही. या बाबतीत माणूस फार कडक, आणि मला त्याचा अभिमान होता. हे आधीच सांगून ठेवते.

आता त्यांचं दुखरं ठिकाण. मागे एकदा पवनेच्या धरणावर त्यांना एक दुर्मिळ पक्षी दिसला होता. एकटेच होते, फोटो नव्हता. पुण्यातल्या जाणत्या मंडळींनी ती नोंद ‘शंकास्पद’ असा शेरा मारून बाजूला ठेवली. झालं. तो शब्द आमच्या घरात राहायलाच आला. जेवता जेवता मध्येच घास हातात धरून हे म्हणायचे, ‘‘शंकास्पद म्हणे.’’ मी आमटी वाढायचे. दुसरं काय करणार?

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात वादळ उठलं. किनाऱ्याला न लागता ते निघून गेलं, पण जाता जाता मावळाला झोडपून गेलं. कापणीला आलेला भात आडवा झाला. पाऊस उघडला त्या सकाळी रुचिरचा फोन आला. रुचिर म्हणजे ह्यांचा जुना विद्यार्थी. हिंजवडीत नोकरी करतो आणि जीव मात्र पाणवठ्यांवर टांगलेला. कान्हे गावाच्या पलीकडे एक बंद पडलेली दगडखाण आहे, तिच्यात साठलेल्या पाण्यावर त्याला काहीतरी वेगळं दिसलं होतं. फोनवर ऐकताना ह्यांचा चेहरा असा बदलला, की कुणाचं बरंवाईट झालं की काय म्हणून मी गॅस बंद केला.

आम्ही पोचलो तेव्हा रुचिर होता, आणि लोणावळ्याहून आसावरी आली होती. ती दातांची डॉक्टर, तिचा कॅमेरा म्हणजे तोफच. पाण्याच्या मधोमध एक चिमुकला करडा-पांढरा पक्षी तरंगत होता. बुचासारखा हलका. मध्येच तो जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरगर फिरायचा आणि पाण्यावर टुचुक टुचुक चोच मारायचा. मला सुद्धा तो मळकट वाटला नाही. रुचिरनं मला समजावून सांगितलं, की हा फॅलरोप. जात चिखलात चालणाऱ्या पाणपक्ष्यांची, पण हा पठ्ठ्या पोहतो, आणि अख्खा हिवाळा भर समुद्रात काढतो. वाऱ्यानं उचलून त्याला घाट चढवला होता. पोटभर खाऊन, अंगात ताकद आली, की तो आपला आपण समुद्राकडे परत जाईल.

खाणीच्या कडेला हौशीराम नावाचा म्हातारा म्हशी घेऊन बसला होता. त्यानं आमच्याकडे एकदा बघितलं नि म्हणाला, ‘‘काल सांजच्यापासनं हितंच हाय. लय दमलंय.’’

ह्यांनी मोठ्या मायेनं त्याला सांगितलं, की काळजी करू नका आबा, आम्ही लांबूनच बघणार.

आणि मग घोळ सुरू झाला. समुद्रावर राहणाऱ्या फॅलरोपांत म्हणे दोन जाती. एक लाल मानेचा, तो वादळानंतर कधीमधी असा आत येतो. दुसरा राखी, तो आपल्याकडे जवळजवळ दिसतच नाही. थंडीच्या पिसाऱ्यात दोघं भावाभावांसारखे. रुचिर म्हणाला, चोच बारीक आहे, लाल मानेचाच. हे म्हणाले, नाही, मला जाड वाटतेय. पाठीवर रेघा आहेत की ती सपाट राखाडी आहे, त्यावर सगळं ठरणार होतं. पण आभाळ भरलेलं, पक्षी लांब, पिसं भिजून चिकटलेली. एकदा पंख उघडले असते तर पाठ स्वच्छ दिसली असती. पण तो पंख उघडेना. तो आपला फिरतोय, चोच मारतोय, फिरतोय.

दुपार व्हायला आली. रुचिर म्हणाला, राहू दे सर, थांबू आपण, संध्याकाळी ऊन पडेल. आसावरीलाही ते पटलं. ह्यांनी मात्र दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. त्यांचा ओठ थरथरत होता. तो थरथरणारा ओठ मी ओळखते. राखी ठरला असता, तर सगळं पुणं त्यांच्या दारात आलं असतं आणि तो जुना शेराही धुऊन निघाला असता.

मी गाडीमागे चहा ओतत होते, तेव्हा हे जवळ आले. कप घेतला. माझ्याकडे न बघता, कपात बघत म्हणाले, ‘‘पद्मजा, तू जरा त्या बाजूनं पाण्यापर्यंत चक्कर मारून ये. बसून बसून पाय आखडले असतील.’’

मी म्हटलं, ‘‘तिकडून गेले तर उडेल ना ते?’’

‘‘उडालं तर उडालं. तुला काय माहीत असणार?’’

तुला काय माहीत असणार, हे वाक्य मी संसारात पुष्कळदा ऐकलंय. पण तेव्हा तो टोमणा असायचा. त्या दुपारी तो बेत होता. सर नियम मोडणार नव्हते. सरांची बायको मोडणार होती, जिला नियम कळतच नाहीत. मला हे तिथल्या तिथे समजलं, बरं का. मी काही इतकी भोळी नाही. तरी मी गेले. त्या एका शब्दानं माझ्याही घराचं जेवण इतकी वर्षं कडू केलं होतं, आणि हा माणूस एकदा तरी निवांत जेवावा असं मला वाटलं.

मी खाली उतरले. वाटलं होतं, मला बघून तो लगेच उडेल. पण तो घाबरेचना. समुद्रावर राहणारं पाखरू, त्यानं माणूस कुठे बघितलाय? मी अगदी काठाशी गेले तरी तो माझ्यासमोर गरगर फिरत राहिला, जसं काही मी त्याच्याच घरची. इतक्या जवळून त्याचा डोळा दिसत होता. मी मागे वळून बघितलं. वर हे उभे होते. त्यांनी छातीजवळ हात धरला आणि बोटांनीच खूण केली, अंगणातली कोंबडी हाकलतात तशी.

मी ओढणी झटकली.

तो उडाला. वर कॅमेरा तडतडला. पंखावर पांढरा पट्टा, पाठीवर लांब रेघा, मला सुद्धा दिसल्या. ‘‘लाल मानेचाच, सर,’’ रुचिर म्हणाला. पक्षी पाण्यावरून खालून खालून गेला, उंची घ्यायला बघत होता आणि जमत नव्हतं. खाणीच्या कड्यावरची घार सावकाश खाली आली. तिला घाई करायची गरजही पडली नाही.

मी वर आले तेव्हा आसावरीच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘‘काकू, हे काय केलंत तुम्ही?’’ ती म्हणाली. मी ह्यांच्याकडे बघितलं. आता बोलतील, आता बोलतील, असं मला वाटत होतं.

ते बोलले. ‘‘अगं, इथेच बस म्हणून सांगितलं होतं ना तुला.’’

तेवढ्यात हौशीराम म्हशीच्या पाठीवर हात टेकून म्हणाला, ‘‘पर सायबांनी हात क्येला म्हनूनच त्यांनी ओढनी झटकली ना? म्या बघितलं की.’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांनीही. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. परीक्षेत चिठ्ठीसकट सापडलेल्या मुलाचा असतो तसा. मला तो बघवेना. मी म्हटलं, ‘‘नाही हो आबा. मी आपली पाय मोकळे करत होते. लक्षातच नाही आलं.’’ मी त्या म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं, आणि तो म्हशी वळवायला लागला. त्या खोट्याची तर मला अजून लाज वाटते.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. रात्री कूस बदलत राहिले. सकाळी मला म्हणाले, की मी नीच वागलो. मी म्हटलं, हो, वागलात. ते म्हणाले, की रविवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार आहे. खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं, की मी त्यांच्यासाठी शिरा केला. पक्षी परत येणार नव्हता. पण माझा नवरा परत येत होता, असं मला वाटलं.

रविवारी स्टेशनजवळच्या हॉलमध्ये गट जमला. आसावरीनं पडद्यावर फोटो लावला. पंख पूर्ण उघडलेले, पाठीवरची रेघ न् रेघ स्वच्छ. घार त्या फोटोत नव्हती. टाळ्या पडल्या. आमच्या गटाला फॅलरोप पहिल्यांदाच मिळाला होता आणि पुण्यातूनही शाबासकी आली होती. मी मागच्या रांगेत होते. ओळखीच्या बायका माझ्याकडे बघून जरा जास्तच गोड हसत होत्या, आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

हे उठले. माइक घेतला नाही. म्हणाले, ‘‘त्या दिवशी पक्षी पद्मजानं उडवला नाही. मी उडवायला लावला. खूण मी केली. नंतर दोष तिच्यावर ढकलला.’’

मला वाटलं, आता हे सगळे काय म्हणतील ते म्हणोत, मी जाऊन ह्यांच्या शेजारी उभी राहीन.

पण रुचिर उठला. म्हणाला, ‘‘सर, काकूंना आमच्यापैकी कुणी काही बोललेलं नाही. बोलणारही नाही. तुम्ही त्यांच्यासाठी हे स्वतःवर घेऊ नका.’’

आसावरी डोळे पुसत होती. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या, फोटोला वाजल्या त्यापेक्षा जोरात.

मी उठून उभी राहिले. ‘‘ते खरं सांगताहेत,’’ मी म्हटलं. ‘‘मला त्यांनीच पाठवलं होतं. खोटं मी बोलले, आबांना.’’

सगळे वळून माझ्याकडे बघून हसले. टिंगल नव्हती त्यात, माया होती. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, किती जोडीनं एकमेकांना सांभाळता हो तुम्ही. मी ह्यांच्याकडे बघितलं. अजून एकदा सांगा, माझे डोळे म्हणत होते. ती घार सांगा. वर्गात पोरं ऐकत नाहीत तेव्हा टेबलावर हात आपटून सांगायचात तसं सांगा. हे क्षणभर उभे राहिले. मग खाली बसले.

घरी चालत निघालो. स्टेशन रोडला गर्दी होती. हे म्हणाले, ‘‘मी सांगितलं, नाही का?’’

‘‘सांगितलंत.’’

‘‘त्यांनी मानलं नाही तर मी काय करणार?’’

त्यांच्या चालीत बऱ्याच दिवसांनी जोर आला होता. कोपऱ्यावर रुचिरनं स्कूटर थांबवली, हेल्मेट काढलं आणि भर रस्त्यात वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ‘‘सर, त्या दिवशी चूक काकूंची होती हे आम्हाला ठाऊक आहे. पण आज तुम्ही जे केलंत ना, ते फक्त तुम्हीच करू जाणे.’’

हे त्याच्याकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘अरे, त्यात काय एवढं.’’