खडूस काकांची हातोडी

आमच्या ह्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नाही. गिऱ्हाइकांना मात्र पहिल्याच फेरीत कळायचं. आमचं कुलपांचं दुकान. कुणी स्वस्तातलं चकचकीत कुलूप उचललं की हे खेकसायचे, "घराला लावायचंय की बाहुलीच्या पेटीला?" मग गल्ल्याजवळची छोटी हातोडी घेऊन कुलपाच्या कुशीत एक ठोका. उघडलं तर ते परत पाठवायच्या खोक्यात जायचं. ठोका न खाता आमच्या दुकानातून एक कुलूप बाहेर पडलं नाही. लोक बोलणी खात आणि घरी निर्धास्त झोपत.

मग आमच्या चिरंजीवांना अक्कल सुचली. मार्केटिंग शिकलेत ते. बापाचं खेकसणं मोबाईलवर घेतलं आणि 'खडूस काका' म्हणून दिलं टाकून. बघता बघता गावभर झालं. दुकानात ही गर्दी! पण कुलपं कुणाला हवी होती? पोरीबाळी यायच्या आणि म्हणायच्या, काका, आमच्यावर ओरडा ना. आणि आमचं ध्यान केसांना कलप लावून ओरडायचं! मी जो राग जन्मभर फुकट सोसला, त्याचे आता हे लोक पैसे द्यायला तयार होते. माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

मग एक कंपनीवाला आला. कोवळा पोरगा, दाढी कोरलेली, हातात निळं कुलूप. त्याची जाहिरात खडूस काकांनी करायची. हे म्हणाले, करतो, पण आधी ठोका. एकच ठोका दिला आणि निळ्याने लगेच तोंड उघडलं. त्या पोराला लाज ना शरम. म्हणाला, ठोका व्हिडिओत नको, लोकांना फक्त काकांचा राग हवाय. चिरंजीवांनीही री ओढली की जाहिरात आहे, लोकांना कळतं. लोकांना कळत असतं तर जाहिराती कशाला केल्या असत्या, असं मी म्हटलं, पण मला विचारतो कोण? ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोबाईलकडे बोट रोखलं आणि ओरडले, "हे निळं सोडून दुसरं लावाल, तर माझ्या दुकानाची पायरी चढू नका."

माझी धाकटी बहीण नर्स आहे. एकटी राहते, रात्रपाळ्या करते. तिने तो व्हिडिओ पाहिला आणि निळं कुलूप मागवलं. मला विचारलं नाही. कशाला विचारेल? प्रत्यक्ष भाऊजी सांगतायत म्हटल्यावर! महिना उलटायच्या आत चोरांनी घर धुऊन नेलं. आमच्या आईच्या बांगड्या गेल्या. आम्ही दोघींनी त्या वाटून घेतल्या नव्हत्या, जोडी मोडायला नको म्हणून धाकटीकडेच ठेवल्या होत्या. कुलूप कडीला लटकत होतं, कुशीत एक लहानसा पोचा.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. सकाळी दुकान उघडल्याबरोबर चिरंजीवांना मोबाईल धरायला लावला. निळं कुलूप काउंटरवर ठेवून ठोका दिला, उघडून दाखवलं. "मी खोटं बोललो," म्हणाले. "माझ्या मेहुणीचं घर लुटलं गेलं. हे घेऊ नका." आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी. मी ह्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, चला, उशिरा का होईना, शुद्धीवर आले.

आणि लोक पोट धरधरून हसले. काकांची ॲक्टिंग एक नंबर, म्हणे. पोरं निळी कुलपं विकत घेऊन हातोडीने उघडायला लागली, त्याचे व्हिडिओ टाकायला लागली. कंपनीवाल्याचा फोन आला. काय डोकं लढवलंत, माल पुरेनासा झालाय, पुढच्या वेळी रडणं जरा लांबवा. फोन ठेवून चिरंजीव खाली मान घालून बसले. मला त्यांची दयाही आली नाही.

मग एके दुपारी धाकटी दुकानात आली. दाराला कुलूप तर हवंच होतं. ह्यांनी आतून सगळ्यात जड कुलूप आणलं, ठोका दिला. उघडलं नाही. आणखी एक दिला, तरी नाही. ते तिच्यापुढे सरकवून म्हणाले, हे ने, पैसे नकोत. ती कुलपाला शिवली नाही. नुसता हात पुढे केला.

"हातोडी द्या, भाऊजी."

त्या हातोडीला दुसऱ्याचा हात लागलेला ह्यांना खपत नाही. मी एकदा खिळा ठोकायला नेली होती, तर घर डोक्यावर घेतलं होतं. आता मुकाट्याने दिली. तिने कुलूप फिरवून फिरवून ठोकलं, वरून, खालून, दोन्ही कुशींत. काउंटरची काच हादरत होती. मग छापील किमतीएवढे पैसे ठेवले, कुलूप पर्समध्ये टाकलं आणि माझ्याकडेही न बघता निघून गेली.

हे हातोडीकडे बघत उभे.

"ओरडा की आता तिच्यावर," मी म्हटलं.

बाहेर पायरीवर दोन पोरी मोबाईल धरून वाट बघत होत्या.