बाटलीवरची पाठमोरी बाई

डोंबिवलीच्या खाडीकाठची तुळसा ठाण्याच्या कोर्टात गेली ती नवऱ्याच्या सोबतीला. मिठागराच्या बांधावरून गावातल्या दोन घरांत मारामारी झाली होती आणि तिचा पंढरी त्यात साक्षीदार होता. साल त्रेपन्न. पुकारा होईपर्यंत आवारात बसून कंटाळा आला, म्हणून तुळसा तळ्यावर गेली. पायरीवर बसून तिने तोंड धुतलं आणि सकाळच्या घाईत कसाबसा बांधलेला अंबाडा सोडला.

तुळसाचे केस गुडघ्याच्या खाली जात. बसली की ते पाठीवरून उतरून मागच्या पायरीवर पडत आणि तिथून आणखी वितभर पसरत. तिला त्याचं कौतुक नव्हतं. उलट वाळायला अर्धा दिवस लागतो, अशी तक्रारच होती.

"बाई, एक विचारू का? रागावणार नसलात तर."

तुळसाने मागे पाहिलं. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. तिने आधी पाण्याचा तांब्या उगारला आणि मग विचारलं, "काय?"

हे सबनीस. ठाण्यातच एका पत्र्याच्या शेडमध्ये ते 'कुंतलविभव' नावाचं केसांचं तेल तयार करीत. तेल बरं होतं, वास तर फारच बरा होता, पण बाटलीवर लावायला चित्र नव्हतं. चित्रकाराने काढून दिलेली बाई केस सोडून बसलेली कमी आणि पुरात सापडलेली जास्त दिसत होती. सबनिसांना खऱ्या बाईचा फोटो हवा होता.

पंढरी साक्ष देऊन आला तेव्हा त्याची बायको आणि एक कोटवाला तावातावाने घासाघीस करत होते. ठरलं असं, की दहा रुपये, एक लुगडं आणि तेलाची एक बाटली.

"पन मी तोंड दावनार नाय," तुळसाने बजावलं.

"तोंड नकोच आहे आम्हाला," सबनीस घाईघाईने म्हणाले.

तुळसाला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण थोडा रागच आला. स्टुडिओत काळ्या फडक्याखाली शिरलेल्या माणसाकडे पाठ करून ती ताठ उभी राहिली, दहा रुपये कनवटीला लावले आणि घरी गेली. पुढे सहा महिने तिला त्या गोष्टीची आठवणही झाली नाही.

तुळसा डोंबिवलीत घरोघर भाजी विकायची. स्टेशनपासून जरा आत पाच बिऱ्हाडांची एक बैठी चाळ होती, ती तिची ठरलेली. तिथे विमलाबाई टिल्लू राहत. नवरा गोविंदराव सरकारी कचेरीत कारकून. विमलाबाई बोलक्या, हौशी, आणि मूळच्या दाट केसांच्या. पण त्या पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला आणि दुखण्यातून उठल्या तेव्हा फणीबरोबर केसांचे पुंजकेच्या पुंजके येऊ लागले. डॉक्टर म्हणाले होते, येतील परत, सहा महिने धीर धरा. पण धीर धरायचं औषध कुठल्या दुकानात मिळत नव्हतं, आणि कुंतलविभव मिळत होतं. साडेतीन रुपये बाटली.

पहिली बाटली त्यांनी नवऱ्याला सांगून आणली. दुसरी न सांगता. तिसरी देवघरात समईच्या मागे ठेवली होती, कारण गोविंदराव देवाला हात जोडत ते डोळे मिटून.

वालाच्या शेंगांचे दिवस आले. तुळसा पाटी उतरवून ओटीच्या पायरीवर बसली होती. शेजारची नवी सून शीला शेंगा निवडत होती. विमलाबाई बाटली घेऊन बाहेर आल्या आणि शीलाला म्हणाल्या, "हे बघ. नुसतं वाचून कळायचं नाही, चित्र बघ. तीन महिने नेमाने लावलं की हे असं."

शीलाने पाहिलं. मग तुळसानेही मान लांब करून पाहिलं. आधी तिला लुगड्याची किनार ओळखू आली, मग डाव्या कोपरावरचा कोयत्याचा व्रण.

"अगो बाय!" ती म्हणाली. "ही तर मीच हाय!"

विमलाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने शेंगांच्या वजनात खोट केली असावी.

"तुळसे, थट्टा बास. अशा बायका वेगळ्या असतात. फोटोतल्या."

तुळसाचा अंबाडा नेहमी पदराखाली असे. पदरावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. त्या चाळीने तिचे केस कधी पाहिलेच नव्हते. ती उभी राहिली, चाळीकडे पाठ केली आणि अंबाड्यातला आकडा काढला.

शीलाच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. तिने विमलाबाईंच्या हातातली बाटली घेऊन तुळसाच्या पाठीशेजारी धरली. मग बाटलीकडे पाहिलं, मग पाठीकडे. कोपऱ्यातल्या बिऱ्हाडातून हौसाबाई पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. ती पोळी जळाल्याचा वास सगळ्यांना आला, पण कुणी हललं नाही.

"म्हणजे," विमलाबाई अखेरीस म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला, "म्हणजे तू हेच तेल लावतेस!"

"नाय वो बाय. मी त्याला बोट पन नाय लावला."

"मग काय लावतेस?"

"काय नाय. खोबरेल असला तर खोबरेल. नायतर तसाच."

"असं कसं होईल? काहीतरी असणारच."

"माजे आयसचे असेच होते," तुळसा म्हणाली. "तिचे आयसचे पन."

हे उत्तर खरं होतं आणि कुणालाही आवडलं नाही. आई काही बाटलीत मिळत नाही. "सांगायचं नसेल तर राहू दे," असं म्हणून विमलाबाई आत गेल्या. पण राहू दिलं मात्र कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी तुळसाच्या शेंगांचा भाव कुणी पाडून मागितला नाही. तिसऱ्या दिवशी हौसाबाईंनी तिला गूळ-दाणे दिले. चौथ्या दिवशी, इतकी वर्षं पायरीवर कान तुटलेल्या कपातून चहा मिळणाऱ्या तुळसाला विमलाबाईंनी ओटीवर पाट मांडला आणि बशीसकट कप दिला. मग हळूच विचारलं, "रिठे का?"

"नाय."

"माका?"

"नाय वो बाय."

पंधरा दिवस असं चाललं. सोळाव्या दिवशी तुळसाला उशीर झाला होता, डोकं दुखत होतं, आणि तिघीजणी पाटी धरून उभ्या होत्या. शेवटी तिने सोडून दिलं.

"सांगताव," ती आवाज खाली आणून म्हणाली. "पन माजा नाव सांगाचा नाय. खाडीचा चिखल."

"चिखल?"

"तिवरांच्या मुलातला. काला. भरती उतरली का काढाचा. डोक्याला थापाचा न तासभर बसाचा." आणि मग, का कोण जाणे, कदाचित पंधरा दिवसांच्या बडबडीचा तो सूड असेल, तिने भर घातली, "पन त्या तासात बोलाचा नाय. एक शब्द पन नाय. बोलला का गुन गेला."

घरी जाऊन तिने पंढरीला हे सांगितलं, तेव्हा तो जेवता जेवता ठसका लागून पाणी मागू लागला. तिला वाटलं, उद्यापर्यंत त्या विसरतील. पण दुसऱ्या दिवशी तिघी वाट बघत होत्या. नाइलाजाने तिने तिसऱ्या दिवशी भाजीबरोबर डबाभर चिखल आणला आणि तसाच पुढे केला.

"किती द्यायचे?" विमलाबाईंनी विचारलं.

"चिखलाचं काय घेव?"

"फुकट? छे! फुकटच्या वस्तूला गुण नसतो." विमलाबाई जरा नाराज झाल्या. तुळसा दोन आणे म्हणाली, तर त्यांची नाराजी आणखी वाढली. त्यांनी आपणच आठ आणे हातावर ठेवले आणि त्यांना मग कुठे समाधान वाटलं.

त्या आठवड्यापासून दर मंगळवारी आणि शनिवारी, पुरुष मंडळी घरी असोत नसोत, चार वाजता चाळीच्या ओटीवर तीन बायका डोक्याला काळा चिखल थापून, भिंतीला टेकून, तोंड मिटून बसू लागल्या. चिखलाला कुजक्या मासळीचा वास येई. मांजरं जमत. एखादी शेजारीण काही विचारायला आली तर तिघी फक्त हात हलवत. एका शनिवारी दूधवाल्याने शेरभर पाणी जास्त घातलेलं दूध दिलं आणि विमलाबाईंना ते डोळ्यांदेखत मुकाट्याने घ्यावं लागलं.

गोविंदरावांनी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी शनिवारी कचेरीतून सरळ घरी यायला सुरुवात केली. त्या तासात ते पेपर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. एकदा त्यांनी तुळसाला फाटकाशी गाठून दबक्या आवाजात विचारलं, "हे रोज केलं तर चालत नाही का?"

तुळसाला आधी हसू आवरत नसे. पण महिन्याभराने ते जरा कमी झालं. विमलाबाई आरशासमोर कपाळाशी बोट फिरवून बघत, आणि तुळसाला ते बघवत नसे. दोनदा ती खरं सांगायला तोंड उघडून बसली आणि दोन्ही वेळा तिला बशीसकट चहा मिळाला.

माघात एका शनिवारी सबनीस डोंबिवलीत आले. बाटलीवरच्या चित्राने खप वाढला होता, आणि आता त्यांना जाहिरातीसाठी मोठा फोटो हवा होता. खाडीकाठी चौकशी केली तर पंढरी म्हणाला, ती चाळीत गेलीय. सबनीस चाळीत आले, आणि ओटीवर तीन काळी डोकी बघून जागीच थबकले.

"तुळसाबाई इथं..." त्यांनी विचारलं.

तिघींनी हात हलवला. सबनिसांनी पुन्हा विचारलं. तिघींनी पुन्हा हात हलवला, जरा जोरात. हौसाबाईंच्या कानावरून चिखलाचा एक गोळा ओघळून पदरावर पडला. सबनीस दोन पावलं मागे सरले आणि नेमके तुळसाच्या पाटीवर आपटले. ती नुकतीच फाटकातून आत येत होती.

"हे काय चाललंय?" त्यांनी तिला विचारलं.

"केसांना हाय," तुळसा पुटपुटली.

"चिखल? घरात कुंतलविभव असताना?" समईमागची बाटली आता उघडपणे खिडकीत आली होती, ती त्यांना दिसली. ते दुखावले. "बाई, तुमचा फोटो आमच्या बाटलीवर आहे, आणि तुम्ही लोकांना चिखल लावायला सांगता?"

विमलाबाई उभ्या राहिल्या. तास भरायला अजून वीस मिनिटं होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, सबनिसांकडे पाहिलं, आणि गुण गेला तर गेला असं ठरवून तोंड उघडलं.

"खरं सांगा. ही बाई तुमचं तेल लावत होती का?"

"म्हणजे... फोटोनंतर एक बाटली दिली होती आम्ही."

"ती कुणी लावली?"

सबनीस तुळसाकडे बघू लागले. तुळसा जमिनीकडे.

"म्हशीला," ती म्हणाली. "शिंगांना. लय चकाकली."

भिंतीपलीकडून गोविंदरावांच्या पेपरचा आवाज थांबला.

"आणि चिखल?" विमलाबाईंचा आवाज आता थंड होता. "तो तरी?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "चिखल म्हंजे चिखल, बाय. मी पयल्या दिवशीच खरा सांगला. तुमाना नको होता."

शीला तोंडाला पदर लावून आत पळाली. हौसाबाई चिखलाखालीही लाल झालेल्या दिसत होत्या. सबनिसांनी फोटोचा विषय काढलाच नाही. "साडेतीन रुपयांत वास तरी मिळतो," एवढं बोलून ते छत्री सावरत स्टेशनकडे निघाले. पुढच्या वर्षी बाटलीवर कमळ आलं.

विमलाबाईंनी तुळसाशी बोलणं टाकलं. भाजी त्या दुसरीकडून घेऊ लागल्या. तुळसा रोज चाळीवरून जाई, दारासमोर हाक देई, आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज ऐकून पुढे जाई. तीन आठवड्यांनी ती हाक न देता सरळ ओटीवर येऊन बसली. पाटीत भाजी नव्हती. लहानशा वाटीत खोबरेल होतं.

"काय आहे?" विमलाबाई दारातूनच म्हणाल्या.

"तेल लावून देव का? पैसं नको."

विमलाबाई आत गेल्या आणि पाट आणून तिच्याकडे पाठ करून बसल्या. तुळसाने त्यांचा लहानसा अंबाडा सोडला, बोटं तेलात बुडवली आणि टाळूवर हळूहळू चोळू लागली. आधी विमलाबाईंची मान काठीसारखी ताठ होती. मग ती सैल पडली. तुळसाची बोटं भांगाशी येऊन थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा थांबली.

"काय झालं?"

"बाय, हात द्या इकडं." तिने त्यांचा हात धरून टाळूवर ठेवला. बोटाच्या पेराएवढे, मऊ, दाट केस सगळीकडे उभे होते, लहान मुलाच्या जावळासारखे.

विमलाबाईंनी हात काढून घेतला, पुन्हा लावला. आरसा आणायला उठल्या आणि उठता उठता परत बसल्या, कारण डोळे भरून आले होते आणि तुळसासमोर ते पुसायची त्यांची तयारी नव्हती.

"डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते," त्या अखेरीस म्हणाल्या. "मोजले तर आत्ता सहाच झालेत."

"डाक्टर खरा बोलला मग."

"त्याचंही मी ऐकलं नाही," विमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. तुळसालाही. दोघी इतक्या हसल्या, की कोपऱ्यातल्या बिऱ्हाडातून हौसाबाई बाहेर आल्या आणि दोघींकडे संशयाने बघत म्हणाल्या, "वाटीत काय आहे गं?"

"सांगू नकोस," विमलाबाईंनी तुळसाचा हात दाबला.