अर्धा अभ्रा

स्वप्नाने उशीच्या अभ्र्याला बरोबर मधोमध रबरबँड आवळला, एक बाजू डाव्या टबात सोडली आणि दुसरी उजव्या. डाव्या टबात रोझलिनच्या घरची सुटी पिवळी पावडर होती, उजव्यात स्वप्नाच्या कंपनीची, निळ्या डब्यातली.

"आता थोडा वेळ नुसतं बघायचं, मॅडम. चॅलेंज आहे आपलं," ती म्हणाली आणि कंपनीची टोपी मागे सारून विहिरीच्या कठड्याला टेकली.

पोरगी फुलपाड्याहून आली होती. सकाळपासून वसईच्या या आळीतून त्या आळीत फिरत होती, आणि निळ्या डब्यांची तिची पिशवी अजून जशीच्या तशी फुगलेली होती. रोझलिनने तिला पाणी दिलं ते दयेपोटी. पण "दाखव तुझी पावडर" म्हणाली ती मात्र स्वार्थासाठी. सासू घरी नव्हती. फ्लॉसीबाई शेजारच्या आळीत रोझरीच्या प्रार्थनेला गेल्या होत्या, आणि त्या यायच्या आत या पावडरीचा एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकावा, असं तिने ठरवलं होतं.

कारण या एका पावडरीपायी घरात तीन वर्षं धुसफूस चालली होती. रोझलिन शाळेत शिकवायची. शनिवारी दुपारी घरी आली की पदर खोचून सगळ्या चादरी, अभ्रे, पडदे ओढून काढायची; स्वच्छतेचं वेडच होतं तिला. फ्लॉसीबाईंचे गुडघे गेलेले, धुण्याच्या दगडापाशी बसणं त्यांना जमत नसे, म्हणून धुणं सगळं सुनेकडे. पण पावडर कुठली आणायची, हा हक्क काही त्यांनी सोडला नव्हता. लंगडत का होईना, स्वतः नाक्यावर जाऊन ती पिवळी पावडर घेऊन येत. तिच्यात सोडाच जास्त. रोझलिनच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या, सोमवारी वर्गात खडू धरला की झोंबायचं.

बरं, घरात काही कमी होतं असंही नाही. केळीची बाग होती, नवऱ्याचा, आग्नेलचा, पगार होता. सणाला याच फ्लॉसीबाई अर्ध्या गावाला जेवू घालत, आणि पावडर म्हटली की एकदम कवडीचुंबक! सासरे सॅन्टनबाबा होते तोवर घरात चांगली पावडर यायची. तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि सासूचा हात आखडला, असं आळीतल्या बायका म्हणत, आणि रोझलिनलाही ते पटत होतं.

"आई, या पावडरीने डाग जात नाहीत हो," ती पुन्हा पुन्हा सांगून बघायची.

"जायला कशाला पाहिजेत? कपडा आहे, डाग पडायचेच," फ्लॉसीबाई म्हणायच्या. विषय संपला.

आग्नेल तर आधीच हात वर करायचा. "तुम्हा सासू-सुनेच्या फेसात मला बुडवू नका," म्हणत पेपर तोंडासमोर धरायचा. आईपुढे बोलायची टाप नव्हती, दुसरं काय!

म्हणून आज स्वप्नाने "घरातला सगळ्यात चिवट डाग आणा" म्हटल्याबरोबर रोझलिनने धुण्याचा ढीग उपसला आणि सासूच्या खाटेवरचा हा अभ्रा शोधून काढला. खाटेवर दोन उशा असत, एक फ्लॉसीबाईंच्या डोक्याखाली, दुसरी भिंतीकडे. भिंतीकडच्या उशीच्या अभ्र्यावर बशीएवढा पिवळा डाग होता. घासून घासून कापड विरलं, पण डाग हटायचं नाव घेत नव्हता.

"डोक्याच्या तेलाचा आहे," स्वप्नाने बघताक्षणी सांगितलं होतं. "जुना झालाय. हे डाग खूप हट्टी असतात, मॅडम."

"आमच्या घरात सगळेच हट्टी आहेत," रोझलिन म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

आता स्वप्नाने रबरबँड काढला, दोन्ही बाजू साध्या पाण्यात खळबळून पिळल्या आणि अभ्रा दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरला.

"अगं माझे आई!" रोझलिनच्या तोंडून निघालं. डावीकडे डाग होता तसाच होता. उजवीकडे कापड पांढरंशुभ्र. मोडून घेतलेल्या भाकरीसारखा तो पिवळा गोल बरोबर अर्धा उरला होता.

"जिंकलं की नाही चॅलेंज?"

तेवढ्यात फाटक वाजलं. लाल लुगड्यातल्या फ्लॉसीबाई हातातली जपमाळ सावरत आत आल्या. रोझलिनला वाटलं, देवानेच पाठवलं.

"आई, या, या! बघा जरा. ही बाजू तुमच्या पावडरीची आणि ही हिच्या पावडरीची. आता तुम्हीच सांगा."

फ्लॉसीबाई जवळ आल्या. त्यांनी अभ्रा स्वप्नाच्या हातातून घेतला. पांढऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला, काही हरवलेलं चाचपून बघावं तसा. त्यांचा चेहरा असा उतरला की स्वप्नाचं हसू मावळलं.

"आजी, कापडाला काही होत नाही हां, गॅरंटी आहे," ती घाईघाईने म्हणाली.

"या बाजूचा अख्खा गेला?"

"अख्खा! पुन्हा दिसणार पण नाही."

फ्लॉसीबाईंनी मान हलवली. आता तोंडाचा पट्टा सुटणार, अशा तयारीने रोझलिनने पदर घट्ट केला. पण फ्लॉसीबाईंनी पोरीच्या फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं, घामेजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि कनवटीची नोट काढली.

"चांगली आहे गं तुझी पावडर. एक डबा दे. हिचे हात बघ, पार सोलवटून निघालेत माझ्यामुळे."

रोझलिनने झटकन हात पदराआड घेतले. म्हणजे सासूच्या लक्षात होतं तर! इतकी वर्षं दिसत होतं, आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत. राग यावा की रडू यावं, तिला कळेना. फ्लॉसीबाई ओलाच अभ्रा घेऊन आत निघून गेल्या. निळा डबा विहिरीच्या कठड्यावर राहिला, आणि जिंकूनही रोझलिनला काही गोड लागेना.

चार वाजता ती चहा घेऊन खोलीत गेली. फ्लॉसीबाई भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजल्या होत्या. भिंतीकडच्या उशीला त्यांनी तो दमट अभ्रा चढवला होता, आणि उरलेल्या अर्ध्या डागावर हात ठेवून त्यांचा डोळा लागला होता. वर भिंतीवर सॅन्टनबाबांचा फोटो होता. फोटोतही केस तेलाने चपचपीत. रोझलिन लग्न होऊन आली तेव्हा रोज बघायची, आंघोळ झाली की म्हातारा डोक्यावर खोबरेल असं थापायचा की कानांवर ओघळ यायचे. "बाबा, डोकं तळायचंय का?" म्हणून आग्नेल चिडवायचा.

तिने सासूच्या केसांकडे पाहिलं. कोरडे, भुरभुरीत. फ्लॉसीबाईंना तेलाने सर्दी व्हायची, त्या कधी थेंबभर लावत नसत. हे तिला ठाऊक होतं. रोज त्यांचा अंबाडा तीच तर बांधून द्यायची.

दर शनिवारी दगडावर बसून, दातओठ खात, ती काय घासत होती! एक शब्द बोलल्या असत्या तर? पण नवऱ्याच्या डोक्याचं तेल जपायचंय, हे कुठली बाई सुनेला कुठल्या तोंडाने सांगेल? रोझलिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चहा तसाच परत घेऊन गेली आणि चुलीपाशी उभी राहून पोटभर रडली.

पुढच्या शनिवारी धुण्याच्या दगडाशी निळा डबा होता. चादरी झाल्या, पडदे झाले. भिंतीकडच्या उशीला या वेळी तिने हात लावला नव्हता. शेवटी फ्लॉसीबाईच अभ्रा घेऊन पायऱ्या उतरल्या.

"हा राहिला तुझा," त्या केळींकडे बघत म्हणाल्या. "उरलेलंही काढून टाक. असं अर्धवट बरं दिसत नाही."

रोझलिनने अभ्रा घेतला. डब्याकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि उठून मोरीत गेली. पिवळ्या पावडरीची पिशवी तिने फरशी घासायला म्हणून ठेवली होती, ती घेऊन आली. वेगळ्या बादलीत चिमूटभर पावडर टाकली, अभ्रा नुसता बुचकळला, तान्ह्या पोराचं डोकं धुवावं तसा हलक्या हाताने चोळला. भेगांना सोडा झोंबला. तिने अभ्रा पिळला आणि दोरीवर उन्हात पसरला. अर्धा पिवळा गोल होता तिथेच होता.

फ्लॉसीबाई पायरीवर बसून सगळं बघत होत्या. मग लुगड्याच्या पदराने त्यांनी नाक पुसलं.

"ही पावडर काही कामाची नाही हां," त्या म्हणाल्या.

"अजिबात नाही," हात झटकत रोझलिन म्हणाली. "डागच जात नाहीत. आणि संपत पण आलीय. संध्याकाळी नाक्यावरून अजून घेऊन येते."